पायथनची डिक्शनरी: बेळगाव भागातल्या माहितीवर सराव

लिस्ट, लूप आणि इफ हाताखालून गेले, की पीयूसी, डिप्लोमा किंवा बीसीएच्या पहिल्या वर्षाची मुलं डिक्शनरीपाशी येतात आणि तिथं अडतात. लिहायची पद्धत अवघड नाही. महिरपी कंस, मधे कोलन, जोड्यांमध्ये स्वल्पविराम, संपलं. खरी अडचण पुढं येते: कोणत्या नावानं शोधायचं हे ठरवणं, आणि ते नाव प्रत्येक वेळी अक्षर न् अक्षर तेच राहील हे बघणं. म्हणून खालचा सगळा सराव त्या नावाभोवती बांधला आहे. माहिती बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली घेतली आहे, कारण उत्तर चुकलं तर ते नजरेला लगेच खटकलं पाहिजे. परक्या शहरांच्या आणि फळांच्या याद्यांवर सराव केला तर चुकीचं उत्तरही बरोबर वाटून जातं.

डिक्शनरीतल्या प्रत्येक जोडीत डावीकडे 'की' असते आणि उजवीकडे 'व्हॅल्यू'. 'की' हा शब्द मराठी वाक्यात सारखा आडवा येतो, म्हणून पुढं त्याला किल्ली म्हटलं आहे.

कोड वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रिंट, इनपुट, फॉर, इन, इफ, व्हाइल, गेट, आयटम्स असे पायथनचे स्वतःचे शब्द इथं उच्चाराप्रमाणे छापले आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग घाला. आकडेही इंग्रजीच टाइप करा. बाकी व्हेरिएबलची नावं आणि अवतरणातला मजकूर देवनागरीत ठेवला तरी पायथन ३ ला चालतं. संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे पायथन चालवायचं ॲप पुरेसं आहे. लॅबमध्ये असाल तर थॉनी घ्या. त्यात व्हेरिएबलची खिडकी उघडी ठेवून प्रोग्रॅम डीबगनं एकेक पायरी चालवला की डिक्शनरीत काय बदलतंय ते दिसतं.

एसटीडी कोडपासून सुरुवात

    कोड = {
        'बेळगाव': '०८३१',
        'खानापूर': '०८३३६',
        'निपाणी': '०८३३८',
        'चिकोडी': '०८३३८',
        'गोकाक': '०८३३२',
        'अथणी': '०८२८९',
    }

कोडभोवती अवतरणचिन्हं का, हे पहिल्यांदा समजून घ्या. अवतरण काढून नुसतं शून्य आठ तीन एक लिहिलं तर पायथन सिंटॅक्सएरर देतं, कारण पूर्ण संख्येच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. शून्य काढून टाकलं तर एरर जाते, पण कोडही जातो. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते ते आकडे नसून नावं असतात, हा नियम पाळा: फोन नंबर, पिनकोड, बँक खातं, हेस्कॉमच्या वीजबिलावरचा आरआर नंबर. हे सगळे अवतरणात.

आता खालच्या ओळी चालवण्याआधी वहीत प्रत्येक प्रिंटसमोर उत्तर लिहा. आधी उत्तर लिहिलं नाही तर हा सराव वाया जातो.

    प्रिंट(कोड['गोकाक'])
    प्रिंट('अथणी' इन कोड)
    प्रिंट('०८३१' इन कोड)
    प्रिंट(लेन(कोड))
    कोड['हुक्केरी'] = '०८३३३'
    कोड['गोकाक'] = '०८३३२'
    प्रिंट(लेन(कोड))

तिसऱ्या ओळीचं उत्तर 'फॉल्स' आहे. बेळगावचा कोड डिक्शनरीत दिसत असूनही फॉल्स, कारण 'इन' फक्त किल्ल्या तपासतं, व्हॅल्यू नाही. व्हॅल्यूत शोधायचं तर कोड.व्हॅल्यूज() असं स्पष्ट लिहावं लागतं. शेवटचं उत्तर ७ आहे, ८ नाही. हुक्केरी नवीन होतं म्हणून शेवटी जोडलं गेलं. गोकाक आधीच होतं, म्हणून त्याच जागी व्हॅल्यू पुन्हा लिहिली गेली. जोडणं आणि बदलणं या दोन्हींची ओळ दिसायला सारखीच असते. किल्ली आधी होती का, यावर काय घडणार ते ठरतं. ज्या क्रमानं जोड्या घातल्या तो क्रम टिकेल, याची खात्री पायथन ३.७ पासून भाषेनंच दिली आहे. पण गोकाक काढून टाकून पुन्हा घातलं तर ते यादीच्या शेवटी जातं. करून बघा.

लांब डिक्शनरी लिहिताना एकच किल्ली दोनदा आली तर पायथन काहीच बोलत नाही. शेवटची व्हॅल्यू राहते, आधीची गुपचूप जाते. चाळीस गावांची यादी टाइप करून लेन ३९ आलं तर कारण बहुधा हेच.

नसलेली किल्ली मागितली तर

प्रिंट(कोड['नंदगड']) असं लिहिलं तर कीएरर येते. एररचा मजकूर लांबलचक असतो. तो शेवटच्या ओळीपासून वाचायचा. तिथं पायथननं नेमकी कोणती किल्ली शोधली ते अवतरणात छापलेलं असतं. तो अवतरणातला मजकूर बारकाईनं बघा, कारण पुष्कळदा त्यात शेवटी एक जास्तीची जागा किंवा चुकलेली वेलांटी सापडते.

कोड.गेट('नंदगड') लिहिलं तर एरर येत नाही, 'नन' मिळतं. कोड.गेट('नंदगड', 'यादीत नाही') लिहिलं तर तुम्ही दिलेला मजकूर मिळतो. नवशिक्यांना गेट सापडलं की ते सगळीकडे गेटच वापरतात, आणि ते नुकसानीचं आहे. माणूस टाइप करणार असेल, म्हणजे चुकायची शक्यता गृहीतच असेल, तिथं गेट वापरा. जी किल्ली असायलाच हवी तिथं चौकटी कंस वापरा आणि कीएरर येऊ द्या. एरर आली की चूक त्याच ओळीवर सापडते. गेटनं दिलेला 'नन' मात्र वीस ओळी पुढं जाऊन बेरजेत अडकतो आणि मूळ कुठं चुकलं ते शोधत बसावं लागतं.

गाडीच्या पाटीवरून कार्यालय

निपाणी, संकेश्वर, बेळगाव मार्गे जाणाऱ्या पुणे–बंगळूर महामार्गावर दोन्ही राज्यांच्या गाड्या एकामागून एक जातात. त्यांच्या पाट्या हा किल्ली निवडण्याचा चांगला सराव आहे.

    कार्यालय = {
        'केए२२': 'बेळगाव', 'केए२३': 'चिकोडी',
        'केए२४': 'बैलहोंगल', 'केए४९': 'गोकाक',
        'केए२५': 'धारवाड', 'एमएच०९': 'कोल्हापूर',
        'एमएच१०': 'सांगली', 'एमएच०७': 'सिंधुदुर्ग',
    }

या किल्ल्या पाटीवर असतात तशा इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाइप करा. मग पहिली चार अक्षरं कापली की किल्ली मिळते. देवनागरीत टाइप केल्या तर हे कापणं चुकतं: 'केए२२' मध्ये मात्रा वेगळी मोजली जाते आणि लांबी ५ होते, 'एमएच०९' ची ६.

    गाडी = इनपुट('गाडी नंबर: ')
    गाडी = गाडी.अपर().रिप्लेस(' ', '').रिप्लेस('-', '')
    प्रिंट(कार्यालय.गेट(गाडी[:४], 'यादीत नाही'))

मधली ओळ काढून टाका आणि यादीतल्या एखाद्या कार्यालयाचा एकच गाडी नंबर पाच प्रकारे टाइप करा: मधे जागा ठेवून, आडवी रेघ देऊन, लहान अक्षरांत, सुरुवातीला जागा सोडून, आणि नीट. एकच प्रकार चालेल. मधली ओळ परत घातली की पाचही चालतील. किल्ली शोधायच्या आधी ती एका ठरावीक रूपात आणणं ही सवय इथंच लावून घ्या.

शेवटी भारत मालिकेची पाटी देऊन बघा. तिची सुरुवात वर्षाच्या दोन आकड्यांनी होते आणि नंतर 'बीएच' येतं, त्यामुळं पहिली चार अक्षरं कोणत्याच कार्यालयाशी जुळत नाहीत. 'यादीत नाही' हे उत्तर इथं बरोबरच आहे, पण गाडी कुठली ते पाटीच्या सुरुवातीवरून कळणारच नाही, हेही समजलं पाहिजे.

मोजणी

डिक्शनरीचा सगळ्यात जास्त वापर होतो तो मोजायला. पाच मिनिटं रस्त्याकडेला उभं राहून पाट्यांची पहिली चार अक्षरं लिहून घेतली तर 'दिसलेल्या' नावाची लिस्ट तयार होते. समजा ती अशी: केए२२, एमएच०९, केए२२, केए२३, एमएच०९, केए२२.

    मोजणी = {}
    फॉर पाटी इन दिसलेल्या:
        मोजणी[पाटी] = मोजणी.गेट(पाटी, ०) + १

या तीन ओळी पाठ करू नका, वहीत चालवा. तीन रकाने काढा: आता आलेली पाटी, गेटनं दिलेली संख्या, लिहिलेली संख्या. पहिली ओळ केए२२, ०, १. दुसरी एमएच०९, ०, १. तिसरी केए२२, १, २. सहा ओळी झाल्या की खाली केए२२ तीन, एमएच०९ दोन, केए२३ एक असं आलं पाहिजे. मग एकूण बेरीज करा. ती लिस्टच्या लांबीइतकी नसेल तर कुठंतरी नोंद गळाली आहे. हा पडताळा प्रत्येक मोजणीनंतर करा.

इथं चुका ठरलेल्याच असतात. मोजणी = {} ही ओळ लूपच्या आत गेली तर प्रत्येक फेरीत वही कोरी होते आणि शेवटी फक्त शेवटची पाटी १ या संख्येसह उरते. गेटऐवजी थेट मोजणी[पाटी] + १ लिहिलं तर पहिल्याच फेरीत कीएरर येते, कारण अजून काहीच लिहिलेलं नसतं. आणि गेटमधला दुसरा भाग, म्हणजे ते शून्य, विसरलं तर 'नन' मध्ये १ मिळवायचा प्रयत्न होऊन टाइपएरर येते. तिन्ही चुका मुद्दाम करा आणि तिन्ही एरर ओळखून ठेवा. कलेक्शन्स मॉड्यूलमधला काउंटर हेच काम एका ओळीत करतो, पण तो वरची तालीम झाल्यावर.

देवनागरी किल्ल्या: दिसतं एक, असतं दुसरं

मराठीत टाइप करणाऱ्यांनी या भागाला जास्त वेळ द्यावा. इंग्रजी पुस्तकांत हे सापडत नाही, आणि आपल्याकडं मात्र रोज घडतं.

एसटीडी कोडच्या डिक्शनरीत कऱ्हाडचा '०२१६४' घाला. मग दुसऱ्या फोनवरून किंवा दुसऱ्या कीबोर्डनं तेच गाव टाइप करून शोधा. बऱ्याचदा कीएरर येईल, आणि पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसत असतील. कारण हा अर्धा 'ऱ' तीन प्रकारे साठवला जातो. पहिला प्रकार: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरा: साधा र, हलन्त, आणि त्यापुढं एक न दिसणारं जोडअक्षर, ज्याचा युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक) ८२०५ आहे. तिसरा: साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. लेन('कऱ्हाड') पहिल्या प्रकारात ६ येतं, बाकी दोन्हींत ७. पायथन नजरेनं वाचत नाही, क्रमांक जुळवतं; म्हणून त्याच्या लेखी ही तीन वेगळी गावं आहेत.

ॲ चंही तसंच. एका कीबोर्डवर ॲ हे एकच अक्षर उमटतं, दुसऱ्यावर अ आणि वर चंद्र अशी दोन. उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी धातूंची घनता ठेवायची म्हटली, ॲल्युमिनियम २.७, तांबं ८.९६, आणि एका विद्यार्थ्यानं एका पद्धतीनं टाइप केलं, दुसऱ्यानं दुसऱ्या, की ॲल्युमिनियमच्या दोन जोड्या तयार होतात.

संशय आला की शब्द लिस्टमध्ये फोडून बघा:

    प्रिंट(लिस्ट('कऱ्हाड'))
    प्रिंट(लेन('कऱ्हाड'))

न दिसणारं अक्षर लिस्टमध्ये क्रमांकासह (८२०५ चं हेक्साडेसिमल रूप, २००डी) उघडं पडतं. नंतर एक छोटं फंक्शन लिहून ठेवा आणि किल्ली घालताना व शोधताना, दोन्ही वेळा, त्यातूनच न्या:

    इंपोर्ट युनिकोडडेटा

    डेफ स्वच्छ(नाव):
        नाव = नाव.स्ट्रिप()
        नाव = नाव.रिप्लेस('र्' + सीएचआर(८२०५), 'ऱ्')
        नाव = नाव.रिप्लेस('अ' + 'ॅ', 'ॲ')
        रिटर्न युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ('एनएफसी', नाव)

'एनएफसी' हे इंग्रजी मोठ्या अक्षरांत. ते नुक्त्याचा प्रकार सरळ करतं, पण न दिसणाऱ्या जोडअक्षराला आणि ॲ ला हात लावत नाही. म्हणून त्या दोन ओळी आपल्याच लिहाव्या लागतात. स्ट्रिप टोकाच्या मोकळ्या जागा काढतं, न दिसणारं जोडअक्षर काढत नाही. ८२०५ नुसतं पुसून टाकायचा मोह आवरा: ते पुसलं की अर्धा र पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो आणि शब्दच बदलतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'जे' ही कळ साधी दाबली की र येतो, शिफ्ट धरून दाबली की ऱ. हाताला ही सवय लागली तर निम्मा त्रास टळतो. व्हेरिएबलच्या नावात हे न दिसणारं अक्षर शिरलं तर तिथं सिंटॅक्सएररच येते. अवतरणाच्या आत मात्र ते निमूटपणे बसतं, म्हणून तिथं ते जास्त त्रासदायक.

आकड्यांचंही बघा. इंट('४०') देवनागरी आकडे दिले तरी ४० ही संख्या देतं. पण अवतरणातला देवनागरी ४० आणि अवतरणातला इंग्रजी ४० या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. आणि अवतरणाबाहेर देवनागरी आकडा लिहिला तर पायथन तो संख्या म्हणून घेतच नाही.

क्रम लावतानाही देवनागरी वेगळी वागते. सॉर्टेड(कोड) युनिकोड क्रमांकानं लावतं. त्यात ॲ हा ह च्याही नंतर येतो आणि ळ हा ल आणि व यांच्या मधे पडतो. यादी चुकली असं समजू नका. वर्णमालेचा क्रम वेगळा हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

एका गावाची अनेक नावं

१ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या १२ शहरांची नावं अधिकृतपणे बदलली. त्यामुळं कुठल्याही अर्जात, पत्त्यात, यादीत एकच शहर दोन-तीन रूपांत येतं. यासाठी दुसरी डिक्शनरी ठेवायची, जिच्यात प्रत्येक रूपासमोर तुम्ही ठरवलेलं एक रूप असेल:

    रूप = {
        'बेळगावी': 'बेळगाव', 'बेलगाम': 'बेळगाव',
        'हुब्बळ्ळी': 'हुबळी', 'विजयपुर': 'विजापूर',
    }
    नाव = स्वच्छ(इनपुट('गाव: '))
    नाव = रूप.गेट(नाव, नाव)

शेवटच्या ओळीत गेटला तीच किल्ली दोनदा दिली आहे. पर्यायी रूप सापडलं तर ठरलेलं नाव मिळतं, नाही सापडलं तर टाइप केलेलं नावच पुढं जातं. ही ओळ छोटी आहे पण फार कामाची आहे; तिच्यावर दहा गावं घालून सराव करा. कोणतं रूप 'ठरलेलं' मानायचं हा तुमचा निर्णय, फक्त एका प्रोग्रॅममध्ये तो एकच असू द्या.

डिक्शनरी उलटी करताना

कोडवरून गाव शोधायचं असेल तर डिक्शनरी उलटी करावी लागते.

    उलट = {}
    फॉर गाव, क इन कोड.आयटम्स():
        उलट[क] = गाव

उलट['०८३३८'] काय देईल, ते आधी लिहा. निपाणी आणि चिकोडीचा कोड एकच आहे. किल्ली एकदाच असू शकते, म्हणून निपाणी पुसली जाते आणि चिकोडी उरते. एरर नाही, सूचना नाही. लेन(कोड) आणि लेन(उलट) शेजारी छापले तरच हे लक्षात येतं. उपाय असा की व्हॅल्यू म्हणून लिस्ट ठेवायची. लूपमधली ओळ बदला:

    उलट.सेटडिफॉल्ट(क, []).अपेंड(गाव)

सेटडिफॉल्ट आधी बघतं, किल्ली आहे का. असेल तर तिची लिस्ट देतं. नसेल तर रिकामी लिस्ट ठेवून तीच देतं. दोन्ही वेळा हातात लिस्ट येते आणि तिला गाव चिकटवता येतं.

लिस्ट व्हॅल्यू होऊ शकते, किल्ली होऊ शकत नाही. किल्लीच्या मजकुरावरून पायथन एक अंक काढतं आणि त्यावरून जागा ठरवतं. म्हणूनच हजार जोड्यांतली एक सापडायला सगळ्या बघाव्या लागत नाहीत. लिस्ट नंतर बदलू शकते, मग तो अंकच खोटा ठरेल. दोन गोष्टी मिळून किल्ली हवी असेल, जसं तालुका आणि गाव, तर गोल कंसातला टपल घ्या.

नद्या एकमेकींत मिळतात

    मिळते = {
        'हिरण्यकेशी': 'घटप्रभा', 'ताम्रपर्णी': 'घटप्रभा',
        'मार्कंडेय': 'घटप्रभा', 'घटप्रभा': 'कृष्णा',
        'मलप्रभा': 'कृष्णा', 'वेदगंगा': 'दूधगंगा',
        'दूधगंगा': 'कृष्णा', 'कृष्णा': 'बंगालचा उपसागर',
        'म्हादई': 'अरबी समुद्र',
    }
    नदी = 'मार्कंडेय'
    व्हाइल नदी इन मिळते:
        नदी = मिळते[नदी]
        प्रिंट(नदी)

इथं एका फेरीची व्हॅल्यू पुढच्या फेरीची किल्ली होते. मार्कंडेयपासून निघालं की घटप्रभा, कृष्णा, बंगालचा उपसागर अशा तीन ओळी येतात. समुद्र ही किल्ली नाही, म्हणून लूप थांबतं. मलप्रभा आणि म्हादई दोन्ही खानापूर तालुक्यात उगम पावतात, पण एक पूर्वेला जाते आणि दुसरी पश्चिमेला. दोघींना सुरुवात म्हणून देऊन बघा.

मग तीन कामं करा. एक: कोणत्या नदीत थेट किती नद्या मिळतात ते मोजा, घटप्रभेत ३ आणि कृष्णेत ३ आलं पाहिजे. दोन: शेवटी कृष्णेत पोचणाऱ्या सगळ्या नद्या काढा, मधल्या टप्प्यांनी येणाऱ्याही, उत्तर ७. तीन: एका व्हॅल्यूत मुद्दाम 'घटप्रभा ' अशी शेवटी जागा ठेवा. एरर येणार नाही, प्रवास फक्त मधेच संपेल आणि नदी समुद्राला न पोचता गायब होईल. ही चूक पकडायला जी व्हॅल्यू किल्ली नाही ती छापा:

    फॉर पुढची इन मिळते.व्हॅल्यूज():
        इफ पुढची नॉट इन मिळते:
            प्रिंट(पुढची)

दोन समुद्रांखेरीज काहीही छापलं गेलं तर ते टाइप करताना चुकलं आहे. कृष्णेसमोर चुकून घटप्रभा लिहिलं तर लूप कधीच थांबणार नाही. कंट्रोल आणि सी दाबून ते बंद करायचं.

दूध सोसायटीची वही

सभासद क्रमांक, लिटर, दिवसातून दोन वेळा. बेरीज मोजणीसारखीच असते, फक्त १ ऐवजी लिटर मिळवायचे.

    नोंदी = [(१२, ४.५), (७, ३), (१२, ५), (३१, २.५)]
    बेरीज = {}
    फॉर क्र, लिटर इन नोंदी:
        बेरीज[क्र] = बेरीज.गेट(क्र, ०) + लिटर

१२ चे ९.५, ७ चे ३, ३१ चे २.५. आता नोंदी लिस्टमधून न घेता इनपुटनं घ्या. इनपुट नेहमी मजकूर देतं, संख्या नाही. त्यामुळं १२ ही संख्या आणि '१२' हा मजकूर अशा दोन किल्ल्या तयार होतात, छापल्यावर फक्त अवतरणाचा फरक दिसतो, आणि एकाच सभासदाचं दूध दोन ठिकाणी विभागलं जातं. सभासद क्रमांकाच्या इनपुटवर लगेच इंट लावा. उलट १ आणि १.० या मात्र पायथनच्या लेखी एकच किल्ली आहेत, ट्रू सुद्धा १ शी जुळतं.

प्रत्येक वेळेचं दूध वेगळं ठेवायचं असेल तर व्हॅल्यू म्हणून लिस्ट घ्या. इथं डिक्ट.फ्रॉमकीज([१२, ७, ३१], []) वापरलं तर तिन्ही सभासदांना एकच लिस्ट मिळते. एकाचे लिटर घातले की तिघांच्या नावावर दिसतात. सेटडिफॉल्ट वापरा, किंवा लूप करून प्रत्येकाला वेगळी लिस्ट द्या.

ज्यांचं दूध ३ लिटरपेक्षा कमी त्यांना काढायचं असेल तर लूप चालू असताना त्याच डिक्शनरीतून डेल करू नका. आकार बदलला म्हणून रनटाइमएरर येते. फॉर क्र इन लिस्ट(बेरीज) असं लिहिलं की किल्ल्यांची वेगळी प्रत तयार होते आणि मूळ डिक्शनरीतून निर्धास्त काढता येतं. प्रत घ्यायची म्हणून जुनी = बेरीज लिहिणं मात्र प्रत नव्हे, एकाच वहीची दोन नावं आहेत; बेरीज.कॉपी() हवं.

फाइलमध्ये ठेवायला जेसन (माहिती मजकूर म्हणून साठवायची पद्धत) वापरा. ओपनमध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८' लिहायला विसरलं तर काही विंडोज संगणकांवर मराठी नावं लिहिताना युनिकोडएनकोडएरर येते. डंप करताना एन्शुअर_आस्की = फॉल्स दिलं नाही तर फाइलमध्ये मराठीऐवजी उलट्या तिरक्या रेघांचे क्रमांक दिसतात; वाचताना ते बरोबर येतात, पण माणसाला फाइल उघडून तपासता येत नाही. आणि जेसनमध्ये किल्ली नेहमी मजकूरच असते. १२ ही संख्या लिहिली तरी परत वाचताना '१२' येतं, दुसऱ्या दिवशीच्या नोंदी संख्येनं घातल्या की सभासद पुन्हा दोनदा दिसू लागतो. फाइल वाचल्यावर पहिली ओळ ही ठेवा:

    बेरीज = {इंट(क्र): लिटर फॉर क्र, लिटर इन वाचलेली.आयटम्स()}